बोचक्यातला मफलर

सोमवार

ही वही पोरगीने आणून दिली. म्हणाली, "आई, तू लोकांना तोंडावर बोलतेस आणि मग आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोलत नाही. थोडं वहीत बोलत जा." म्हणून लिहिते. चौथीपर्यंत शिकले, पुढे धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दाखवायचंय कोणाला?

निवडणूक आलीय. आमच्या वॉर्डातून दोघं उभे आहेत, एक ठेकेदार आणि एक नर्सबाई. कोपऱ्यावरचं बाळंतिणींचं छोटं इस्पितळ नगरपालिका बंद करणार आणि तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार. ठेकेदार म्हणतो, बांधू. नर्सबाई म्हणतात, बांधून दाखवा. त्यांनी जन्मभर त्याच इस्पितळात नोकरी केली. माझी पोरगी त्यांच्याच हातांत जन्मली. आता पोरगीला सातवा लागलाय. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर, म्हणून ती माझ्याकडेच असते. इस्पितळ बंद झालं तर तिला पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागणार, आणि पुलावरची गाड्यांची रांग बघून धडधाकट माणसालासुद्धा कळा येतात. तेव्हा नर्सबाई निवडून यायला हव्यात. राजकारणातलं मला एवढंच कळतं आणि तेवढं पुरे.

बुधवार

फोनने डोकं उठवलंय. आमच्या गल्लीचा ग्रुप आहे, बायकांचा वेगळा आहे, आणि धाकटी जाऊ तर एकटीच एक ग्रुप आहे. सकाळी उठायच्या आत तिचे पाच-सात निरोप येऊन पडलेले असतात. आज काय, तर ठेकेदाराचं परदेशात घर आहे. फोटोही होता, घरासमोर बर्फ पडलेला. मी विचारलं, "हा माणूस चार पायऱ्या चढला तरी धापा टाकतो, हा बर्फात कधी गेला?" जाऊ म्हणाली, "ताई, तुम्हाला कशावर विश्वासच नाही."

आमच्या ह्यांचं उलटं. ज्याची गाडी दारात येऊन थांबते तो ह्यांचा माणूस. परवा ठेकेदाराची आली, काल नर्सबाईंची रिक्षा आली. ह्यांनी दोघांनाही हात उंचावून दाखवला.

जेवताना पोरगीने मला नियम शिकवला. ती कॉलेजात दोन वर्षं गेली आहे. "आई, एकाच माणसाने सांगितलं तर धरून चालायचं नाही. वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या माणसाकडून तेच आलं, तर मग विचार करायचा." नियम मला पटला. सोपा आहे, डोक्यात राहतो.

शुक्रवार

आज सगळंच उलटं. सकाळी वीज नव्हती आणि नेमकी आमच्या लॉन्ड्रीत दोन मोठी बोचकी आली. एक नर्सबाईंचं, दुसरं ठेकेदाराकडचं. प्रचारामुळे दोघांकडे कपड्यांचे ढीग साठलेत. मी बॉयलरपाशी होते. ह्यांना म्हटलं, खुणा तपासा, नवीन कपडे असतील त्यांना घाला.

खूण म्हणजे आमच्या लॉन्ड्रीची अब्रू. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतून रंगीत दोऱ्याचा टाका असतो. नर्सबाईंचे लाल दोन टाके, ठेकेदाराचा हिरवा एक, लांब. एवढ्या वर्षांत एकाचा मोजा दुसऱ्याच्या पायात गेलेला नाही. मोजे तर द्वाडच, धुताना उशीच्या अभ्र्यात शिरून बसतात. पण खूण बघितली की ज्याचे त्याला.

हे अंधारात कुरकुरत बसले होते. म्हणाले, "सगळं पांढरंच आहे, एकाच पाण्यात उरकू." मी म्हटलं, उरका एकदाचं.

दुपारी नर्सबाईंच्या कपड्यांच्या घड्या घालत होते. अभ्र्यात हात घातला तर आतून काय निघावं? मोरपंखी मफलर! ठेकेदाराच्या पक्षाचा, चिन्हासकट. नर्सबाईंच्या घरात ह्याचं काय काम? वरून भांडण आणि आतून हातमिळवणी? मफलरला खूण नव्हती. पण झिरझिरीत कापड, टाका उठून दिसला असता, म्हणून घातला नसेल.

जाऊला निरोप पाठवला. माझी बोटं जाड, त्यामुळे लिहीत नाही, बोलून पाठवते. म्हटलं, "अगं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नर्सबाईंच्या बोचक्यात मोरपंखी मफलर निघालाय. आता तो कोणाचा, कुठून आला, देव जाणे. तू कोणाला बोलू नकोस."

मफलर इस्त्री करून खणात ठेवलाय. नर्सबाई आल्या की तोंडावर विचारणार.

शनिवार

ठेकेदाराची बायको कपडे न्यायला आली. घरी जाऊन परत आली. म्हणाली, "बाई, एक नग कमी आहे, तो—" मी म्हटलं, "आमच्याकडे नग कमी होत नाही. घरी जाऊन पलंगाखाली बघा." ती म्हणाली, "अहो, पण ऐका तरी." मी म्हटलं, मला ऐकायला वेळ नाही, मागे माणसं उभी आहेत. गेली पाय आपटत. श्रीमंतांना स्वतःचे कपडे धड ओळखता येत नाहीत आणि आम्हाला चोर ठरवायला येतात.

सोमवार

पोरगीचा नियम आज कामाला आला!

बायकांच्या ग्रुपवर लिहून आलं, खाली लाल अक्षरांत "खात्रीलायक". नर्सबाईंच्या घरी समोरच्या पक्षाचे मफलर सापडले, आतून संगनमत आहे, निवडून आल्या की तिकडे उडी मारणार. मफलर एक नव्हे, गठ्ठाच. मला जाऊवर शंका आली, पण तिला विचारलं तर शपथ घेऊन म्हणाली, "मी फक्त माझ्या बहिणीला सांगितलं, आणि तिला म्हटलं कोणाला सांगू नकोस." बहीण तर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. तिला आमचा ग्रुप माहीतसुद्धा नाही. म्हणजे हे वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या माणसाकडून आलं. मी एक पाहिला, दुसऱ्या कोणीतरी गठ्ठा पाहिला. आता शंकेला जागा नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांची बाई.

मंगळवार

आज तर चलचित्रच आलं. मागे ढणढण वाजतंय आणि एक माणूस जड आवाजात सांगतोय, "नर्सबाईंच्या घरात येणं-जाणं असलेल्या एका जवळच्या बाईने ही माहिती दिली आहे." म्हणजे तिसरं ठिकाण झालं.

कोण असेल ही बाई? दिवसभर तोच विचार. त्यांची स्वयंपाकीण असेल. ती नाकासमोर बघून चालते खरी, पण तिचे कान आजूबाजूला असतात. जी असेल तिची मात्र हिंमत म्हणायची. मी नुसतं जाऊपाशी कुजबुजले, हिने जगाला सांगितलं. दुकानात आलेल्या दोघींना मी हे बोलूनही दाखवलं. एक म्हणाली, "मग मी नाही बाई नर्सबाईंना मत देणार." दुसरी म्हणाली, "मी मतालाच जाणार नाही, सगळे सारखेच." मी त्यांना अडवलं नाही. खोटं कशाला बोलू?

पोरगी म्हणाली, "आई, मग इस्पितळाचं काय?" मी म्हटलं, "विकली गेलेली बाई इस्पितळ वाचवणार आहे का?" ती पोटावर हात ठेवून उठून गेली.

गुरुवार

नर्सबाई कपडे न्यायला आल्या. चालून चालून पायांच्या टाचा फुटल्यात. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पहिल्यांदा कपड्यांकडे नाही, पोरगीच्या पायांकडे बघितलं. "ये इकडे. बोटाने दाबून बघू दे. सूज आहे गं. मीठ कमी कर, आणि उद्या इस्पितळात येऊन रक्तदाब दाखव. आई ओरडेल म्हणून घाबरू नकोस, ती सगळ्यांवरच ओरडते."

मी बोचकं पुढे सरकवलं. त्या म्हणाल्या, "आज गप्पशी? बरं नाही का?"

"कामं आहेत."

उठताना म्हणाल्या, "माझ्याबद्दल काहीबाही फिरतंय, तुझ्याही कानावर आलं असेल. ज्या बाईने पाहिलं म्हणतात ती भेटली तर तिला एवढंच विचारेन, बाई गं, नेमकं काय पाहिलंस?"

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मफलर आत होता. विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, त्या गेल्या. मी तोंडावर बोलणारी बाई म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे. आज काय झालं कळत नाही. त्यांनी पोरगीचा पाय मांडीवर घेतला नसता तर विचारलं असतं.

शुक्रवार

पोरगीचा रक्तदाब वाढलाय. इस्पितळातली डॉक्टरीणबाई म्हणाली, जपा, कळा लवकर येऊ शकतात, लांबचा प्रवास नको. लांबचा प्रवास नको म्हणे! दाराला टाळं लावायला निघालेत आणि म्हणे प्रवास नको.

रविवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण वहीत बोलायचं म्हटलं तर सगळंच बोलायला हवं.

दुपारी जाऊने पाठवलं. "ताई, पुरावा! त्या बाईचा आवाजच मिळाला." पोरगीने फोन घेतला आणि लावला. एक बाई बोलतेय: "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, नर्सबाईंच्या बोचक्यात मोरपंखी मफलर निघालाय." बस, एवढंच.

मी म्हटलं, "ही स्वयंपाकीण नव्हे. काय कर्कश आवाज आहे! कोण गं ही भांडकुदळ?"

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. हे इस्त्री तशीच टेकवून उभे राहिले, खालचा सदरा करपायला लागला.

"आई, पुन्हा ऐक. बाईचं नको ऐकूस. मागे काय वाजतंय ते ऐक."

मागे बॉयलरचा व्हॉल्व्ह वाजत होता. आमचा व्हॉल्व्ह जुना आहे, वाफ सोडताना उचकी लागल्यासारखा वाजतो, दोनदा छोटी, एकदा मोठी. त्याच वेळी पाठीमागे खराखुरा व्हॉल्व्हही वाजला. तशीच उचकी.

माझा आवाज असा आहे हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"कोणाचा, कुठून आला, देव जाणे" हे कापून टाकलेलं. कोणी कापलं? जाऊच्या बहिणीने, की तिच्या पुढच्याने, की त्याच्याही पुढच्याने? आणि ते खात्रीलायक, ते चलचित्र, ती हिंमतवाली बाई, सगळ्या ठिकाणी मीच. एकच मफलर तीन दारांनी माझ्या घरात आला आणि मी म्हटलं, बघा, तिघांनी पाहिला.

पोरगी म्हणाली, "माझाच नियम चुकला." मी म्हटलं, तुझा नियम ठीक आहे, तुझी आई गाढव आहे.

सदरा जळाला तो जळालाच.

सोमवार

खणातून मफलर काढला आणि तडक ठेकेदाराकडे गेले. त्याच्या बायकोने दारातच ओळखला. "हाच तो! नवा कोरा, पहिल्यांदाच धुवायला दिलेला. त्या दिवशी हेच सांगायला आले होते, तुम्ही बोलू देता का कोणाला?"

नवा, म्हणजे खूण नव्हती. ह्यांनी अंधारात घातली नाही, मी तपासली नाही. मोजे अभ्र्यात शिरतात, तसा हा शिरला. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खूण नसलेला कपडा मी कधी कोणाच्या बोचक्यात घालत नाही, धनी सापडेपर्यंत खुंटीवर टांगते. ह्या एका कपड्याला मात्र मी स्वतःच्या मनाने धनी ठरवून दिला.

ठेकेदार आतून हसत आला. गोड माणूस. म्हणाला, "मावशी, एका मफलरचं काय एवढं? ठेवा तुमच्याकडेच. झालं ते झालं. आणि हो, माझ्या लॉजच्या चादरी कुठे द्याव्यात विचार करत होतो. तुमच्याकडेच पाठवतो."

"तुमच्या चादरी तुमच्याकडेच राहू द्या," मी म्हटलं. "आणि मफलर मी नेते, मतदान झालं की परत देते. पावती करून देऊ का?"

त्याचं हसू थोडं मागे गेलं.

सोमवार, संध्याकाळी

नर्सबाईंना सांगितलं. त्या कांदा चिरत होत्या, चिरतच राहिल्या.

"मफलर निघाला हे खरं होतं ना?"

"खरं."

"मग तू खोटं बोलली नाहीस."

"कळायच्या आत बोलले."

त्यांनी सुरी ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तू मला ओळखत नव्हतीस, याचं जास्त लागलं. चल, कांदा झोंबतोय." डोळे पुसले. कांद्याने की कशाने, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर ह्यांच्याशी भांडण. "ग्रुपवर सांगणार? लॉन्ड्रीवालीने आपण होऊन सांगायचं की माझ्याकडे कपड्यांची अदलाबदल होते? दुकानाला कुलूप लाव मग." ह्यांचं खोटं नाही. आमच्या धंद्यात ह्याहून वाईट बोलणं नाही. पोरगी पाय वर करून बसली होती. तिचे घोटे दिसत नव्हते.

बॉयलरपाशी उभी राहून बोलले. "मी लॉन्ड्रीवाली बोलतेय. मफलरवाली बाई मीच. मफलर ठेकेदाराचा. माझ्या दुकानात दोन घरचे कपडे एकत्र झाले, चूक आमची. नर्सबाईंचा त्यात धाग्याएवढाही संबंध नाही. ते जसं पुढे पाठवलंत तसं हेही पाठवा." सगळ्या ग्रुपवर टाकलं.

बुधवार

कोणी पाठवलं नाही. पाठवतील कशाला? मजा नाही त्यात. एकाने अंगठा दाखवला, एकीने हात जोडले.

वर आणि नवीनच. आज निरोप फिरतोय, "सावध! लॉन्ड्रीवालीचा दुसरा आवाज नकली आहे, नर्सबाईंच्या माणसांनी यंत्रावर बनवलाय." पहिला आवाज खरा म्हणे आणि दुसरा खोटा! जाऊचा फोन आला. "ताई, खरं सांगा, तुम्हीच बोललात का?"

"मग कोण बोललं?"

"हल्ली आवाज बनवता येतात म्हणे."

"आणि आता बोलतेय ती कोण आहे?"

ती म्हणाली, "आता तुम्हीच वाटताय. चिडलात ना."

गुरुवार

मफलर शटरच्या कडीला टांगला. पोरगीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, "हाच तो मफलर. आत या, सांगते." फोनवर माझा आवाज नकली असेल, दुकानात तर मी सगळीच्या सगळी खरी उभी आहे.

येईल त्याला सांगितलं. खूण कुठे असते, ह्याला का नाही, अभ्र्यात कसा गेला, सगळं. एकजण म्हणाला, "तुम्हाला नर्सबाईंनी किती दिले?" मी त्याला टबात अभ्रा आणि मोजा टाकून फिरवून दाखवला. मोजा आत गेला. तो म्हणाला, "अरेच्चा," आणि मग स्वतःचं बोचकं काखेत मारून घेऊन गेला. जुनं गिऱ्हाईक होतं. असे आणखीही गेले. ह्यांनी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघितलं, पण दुपारनंतर स्वतःच लोकांना सांगायला लागले, "अंधारात खूण घातली नाही ती मी." लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांनी आपण होऊन चूक कबूल केली.

शनिवार

मतदान झालं. मफलर घडी घालून ठेकेदाराच्या बायकोला पोचवला. तिने घेतला, आणि मग कोपरा उलटून बघितला. हिरवा टाका होता. मी घातला होता.

सोमवार

नर्सबाई पडल्या. थोडक्यात पडल्या. आमच्या दोन गल्ल्या जरी नीट उतरल्या असत्या तरी आल्या असत्या, असं सगळे म्हणतात.

इस्पितळाला महिनाअखेरीस टाळं लागणार.

मंगळवार

जाऊचा निरोप आला. "ताई, मतांची पेटी नाल्यात सापडली! ठेकेदाराची माणसं टाकताना दिसली. लगेच सगळीकडे पाठवा, मतदान पुन्हा होईल!" खाली फोटो. नाला आणि त्यात एक डबा.

खरं असेल तर? पुन्हा मतदान, नर्सबाई येणार, इस्पितळ राहणार. पोरगीने माझ्या खांद्यावरून वाचलं. जिने मला नियम शिकवला तीच म्हणाली, "आई, पाठव ना. आई, पाठव. मला नाही जायचं त्या पुलावरून."

मला पाठवायचं होतं. कधी कशाचा एवढा मोह झाला नाही.

जाऊला फोन लावला. "तू पाहिलीस पेटी?"

"मी कुठे? बहिणीने पाठवलं."

बहिणीला लावला. तिला तिच्या दुकानदाराने. दुकानदाराला लावला. तो म्हणाला, "अहो, सगळीकडे आलंय."

"सगळीकडे आलंय म्हणजे कुठून आलंय? नाल्यावर उभं राहून बघणारा माणूस कोण? त्याचा नंबर द्या."

त्याने फोन ठेवला.

मी स्वतः गेले. आमचाच नाला, दहा पावलांवर. डबा होता. वाकून बघितलं, रंगाचा रिकामा डबा. चिखलातून ओढून आणला आणि पोरगीच्या पुढ्यात ठेवला. ती रडली. मी तिला रडू दिलं. फोन बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवला.

गुरुवार

नर्सबाई कपडे घेऊन आल्या. गल्लीत अजून काही जण माझ्याकडे कपडे देत नाहीत, नर्सबाईंनी मात्र बोचकं सरळ टेबलावर टाकलं. मी एकेक नग उलगडून त्यांच्यासमोर खूण दाखवायला लागले. म्हणाल्या, "पुरे गं, माझा विश्वास आहे."

"विश्वास नको. बघा."

त्यांनी बघितलं. शेवटच्या नगापर्यंत बघितलं.

मग पोरगीला म्हणाल्या, "कळा सुरू झाल्या की मला आधी बोलवायचं. पुलावरून तुझ्याबरोबर मी येणार. रांगेत अडकलो तर गाडीतच उरकू, माझे हात कुठे बंद झालेत?"

त्या गेल्यावर बाळाची दुपटी काढून बसले. मोठ्या दवाखान्यात सगळ्यांची दुपटी पांढरी आणि सगळी एकाच पाण्यात धुतात. प्रत्येकाला आतल्या कोपऱ्यात टाका घालतेय. पिवळा, तीन. हे शेजारी बसून सुईत दोरा ओवून देताहेत. दिवा लावलाय. उजेडात.